मृतसाठ्यातलं देऊळ

२०२४ च्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी चहाबरोबर फोनवर उजनी धरणाची टक्केवारी बघायचो आणि ती अजून खाली जावी असं मला वाटायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे.

मी मूळचा म्हसवडचा. माण तालुका, जिल्हा सातारा. पाणी कमी व्हावं असं आमच्याकडे कुणी मनातसुद्धा आणत नाही. माणगंगेचं पात्र वर्षातले बरेच महिने क्रिकेट खेळायच्या कामाचं असतं. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला जनावरांची छावणी चालवली, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या दोन गाई आणि एक म्हैस घेऊन चुलते तिथेच राहायला गेले होते आणि मी सायकलवरून त्यांचा डबा पोचवायचो. अशा गावचा पोरगा बारा वर्षांनी हिंजवडीत एसीखाली बसून धरण आटायची वाट बघत होता.

कारण होतं पळसदेवचं देऊळ. उजनी धरण भीमेवर आहे. १९६६ साली काम सुरू झालं, १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव त्यातलंच एक. गाव वर सरकलं, पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ मात्र जागेवरच राहिलं. शिखराचा शेंडा अधूनमधून दिसतो. अख्खं देऊळ पायासकट, शेजारच्या वीरगळांसकट उघडं पडायला मोठा दुष्काळ लागतो.

इथे उजनीच्या टक्केवारीची गंमत सांगायला हवी. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं जवळपास ६३ टीएमसी पाणी मृतसाठा, म्हणजे कालव्याला सोडता न येणारं, तळातलं. टक्केवारी मोजतात ती वरच्या साधारण ५४ टीएमसीच्या उपयुक्त साठ्यावर. तो संपला की आकडा शून्यावर येतो आणि पाणी आणखी उतरलं की आकडा उणे होतो. आमच्या कोडमध्ये कुठलाही साठा उणे दिसला तर आम्ही बग समजून लगेच तिकीट काढतो. इथे मात्र उणे वीस, उणे तीस, उणे चाळीस अशा बातम्या रोज येत होत्या आणि मी प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात म्हणत होतो, अजून थोडं.

उणे पन्नासच्या खाली गेल्यावर, मे महिन्यातल्या एका शनिवारी, आम्ही चौघं पहाटे पुण्याहून निघालो. सोलापूर हायवेने भिगवण मागे टाकलं आणि पळसदेवला गाडी वळवली. जिथे पाणी असायचं तिथे वाळून टणक झालेला गाळ होता, हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेला. आमच्या आधी पन्नासेक माणसं आली होती. एकाने वडापावचा गाडा लावला होता. आत देव नाही हे माहीत असूनही लोक चपला बाहेर काढून देवळात शिरत होते. मीही काढल्या. दगड थंड होता. खांबांवर शिंपले चिकटलेले होते. खरं सांगतो, अंगावर काटा आला. इतकी वर्षं पाण्यात राहून एवढं उभं असणाऱ्या वास्तूसमोर तो येतोच, त्यात खोटं काही नव्हतं.

मित्राने ड्रोन उडवला. वरून देऊळ, भोवतीचा भेगाळलेला गाळ आणि लांबवर उरलेलं हिरवट पाणी, अशी चाळीस सेकंदांची रील झाली. कॅप्शन मी लिहिलं. ‘पाण्याखालचं म्युझियम. एंट्री फ्री.’

मित्र पुण्याला परतले. मी इंदापूर, अकलूज करत म्हसवडला गेलो. घरी पोचलो तेव्हा गल्लीत टँकर उभा होता आणि आई पाइप धरून बॅरल भरत होती. मी बॅग टाकून दुसरा पाइप धरला. तोपर्यंत रीलला हजारो व्ह्यूज आले होते आणि खिशात फोन सारखा थरथरत होता.

रात्री मी ती रील आज्जीला दाखवली. आज्जीचं माहेर उजनीत गेलं. पळसदेव नाही, त्याच्या जवळचंच दुसरं एक छोटं गाव. ती लग्न होऊन म्हसवडला आली तेव्हा धरणाची नुसती चर्चा होती. गाव उठलं तेव्हा ती बाळंतपणात होती, त्यामुळे तिने ते उठताना पाहिलं नाही. तिच्या वडिलांनी बैलगाडीत तुळया, दारं, चौकटी भरून नव्या जागी नेल्या आणि मग एकदा येऊन लेकीला घरचं जातं देऊन गेले. ते जातं आमच्या ओट्याला लागून आहे. त्यावर पाय ठेवून मी लहानपणापासून चपला घालतो.

“हे पळसदेव हाय व्हय रं?” तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

“हो आज्जी. अख्खं वर आलंय.”

“म्हाशिवरात्रीला चालत यायचो आमी.” ती बराच वेळ बघत राहिली. रील संपून परत सुरू झाली, परत संपली. मग म्हणाली, “म्हंजी धरण तळाला गेलं की रं. मग आता तिकडच्या लोकास्नी पानी?”

मला उत्तर आलं नाही. तिने देवळाकडे बघून विचारलं ते पाण्याबद्दल. मी त्या जागी उभा राहून आलो होतो आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. विषय बदलायचा म्हणून मी म्हणालो, “तुझं गाव दिसतंय का बघू का? ड्रोन घेऊन परत जाऊ.”

“आता काय दिसायचं तितं? देऊळ दगडाचं, ते ऱ्हायलं. आमची घरं मातीची हुती. माती पान्यात ऱ्हाती व्हय?”

आठवड्याभराने, २१ मेच्या संध्याकाळी, कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. या काठावरून त्या काठावर जायला लोकांना अजून बोट लागते, हे मला त्या बातमीतून कळलं. माझ्या फीडमध्ये वर ती बातमी होती आणि खाली कुणीतरी शेअर केलेली माझी रील. पाणी एकच. एंट्री फ्री.

*

हे सगळं मी विसरलोही असतो. पण पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्याच ड्रोनवाल्या मित्राने एक बातमी पाठवली. नौदलातून निवृत्त झालेलं ‘आयएनएस गुलदार’ हे जहाज राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे सोपवलं गेलं होतं. सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात ते बुडवायचं, त्यावर प्रवाळ वाढू द्यायचं, पर्यटकांनी डायव्हिंग करून किंवा पाणबुडीतून ते बघायचं अशी ती योजना. देशातलं पहिलं पाण्याखालचं संग्रहालय. खाली मित्राने लिहिलं होतं, ‘तुझं कॅप्शन सरकारने चोरलं. बुकिंग सुरू झालं की जाऊ.’

मी अंगठा पाठवला. मग दोन रात्री पाण्याखालच्या संग्रहालयांबद्दल वाचत बसलो. समुद्र आमच्या गावापासून डोंगरापलीकडे, त्यामुळे हा विषय मला नवाच होता. वाचता वाचता लक्षात आलं, की बुडालेल्या गोष्टीचं काय करायचं याची जगाकडे निरनिराळी उत्तरं आहेत आणि प्रत्येक उत्तरात कुणीतरी काहीतरी किंमत मोजलेली आहे.

एक उत्तर, वर काढा. स्वीडनचं ‘वासा’ हे युद्धजहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत, स्टॉकहोमच्या बंदरातच बुडालं. १९६१ साली ते जवळपास अख्खं वर काढलं आणि आज त्याचं भव्य संग्रहालय आहे. ते टिकलं कारण बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा जगत नाही. आपल्या अरबी समुद्रात लाकडाला अशी सवलत नाही.

दुसरं उत्तर, हात लावू नका. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्यात बुडालेल्या ‘यूएसएस ॲरिझोना’वर १,१७७ जण मेले. त्यातले बहुतेक अजून त्या जहाजातच आहेत. १९६२ साली पाण्यावर एक पांढरं स्मारक बांधलं. ते जहाजावरून आडवं जातं, पण जहाजाला टेकत नाही. लोक वर उभे राहून खाली बघतात. जहाजातून अजून थेंब थेंब तेल वर येतं. तिथे पर्यटकांनी डुबकी मारायची नाही. युनेस्कोच्या २००१ च्या करारातही पाण्याखालचा वारसा शक्यतो आहे तिथेच जपावा हा पर्याय पहिला मानला आहे.

तिसरं उत्तर, मुद्दाम बुडवा. मेक्सिकोत कानकूनजवळ समुद्राच्या तळाशी माणसांचे शेकडो पुतळे उभे केले आहेत. हेतू असा की पर्यटकांची गर्दी तिकडे वळेल आणि खऱ्या प्रवाळांना थोडी उसंत मिळेल. गुलदारची योजना याच जातीची. गुलदार हे टँक आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज होतं. किनाऱ्याला टेकण्यासाठी बांधलेलं जहाज आता तळाला टेकवायचं. अशा जहाजातलं तेल आणि विषारी वस्तू आधी काढाव्या लागतात. तिथे कुणी मेलेलं नाही, कुणाचं गाव उठलेलं नाही. बघायला जाणाऱ्याला अपराधी वाटावं असं काही नाही. म्हणूनच मला ती कल्पना आवडली आणि थोडी रिकामीही वाटली.

उजनी यातल्या कुठल्या खान्यात बसते? गाव मुद्दाम बुडवलं, पण बघण्यासाठी नाही. देऊळ तिथेच ठेवलं, पण जपण्यासाठी नाही. आणि ते वर येतं, पण कुणी काढल्यामुळे नाही, पाऊस पडला नाही म्हणून. त्या संग्रहालयाचं दार दुष्काळ उघडतो. तिकीट खालच्या गावांनी काढलेलं असतं आणि आत आम्ही जातो.

*

इथे एक सरळ आक्षेप आहे, आणि तो माझ्या मित्राने घेतलाच. “तू इच्छा केलीस म्हणून धरण आटलं का? तू नसतास गेला तर टँकर यायचे थांबले असते का? वडापाववाल्याचा धंदा झाला. लाखभर लोकांना पळसदेव माहीत झालं. कुणाचं काय नुकसान केलंस?”

हिशोबाने त्याचं बरोबर आहे. माझ्या इच्छेने एक थेंबही कमी झाला नाही. बघायलाच नको, ही भूमिकाही मला पटत नाही. न बघितलेल्या गोष्टी आपोआप जपल्या जात नाहीत. त्या निमूटपणे झिजतात, चोरीला जातात, विसरल्या जातात. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट किनारा जवळ आलेला असताना बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. गटारी तोंडावर आली होती, बरेचजण घरी निघालेले. महिन्याभराने देश स्वतंत्र झाला. टायटॅनिकच्या कप्तानाचं नाव मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. रामदासचं नाव मी सत्ताविसाव्या वर्षी, त्या दोन रात्रींत, पहिल्यांदा वाचलं. लोकांनी बघितलंच नाही, विचारलंच नाही, की असं होतं. त्यामुळे बघणाऱ्यांची गर्दी ही मला वाईट गोष्ट वाटत नाही. निवतीच्या समुद्रात उडी मारणाऱ्या दहातल्या एखाद्याने जरी घरी येऊन कोकणच्या समुद्राबद्दल एक पुस्तक उघडलं तर जहाज बुडवल्याचं सार्थक झालं.

मग मला टोचतंय काय? माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मी चुकीचा आकडा मोजत होतो. आम्ही डॅशबोर्डवर एक संख्या लावतो आणि काही दिवसांनी ती संख्या कशाची आहे हे विसरून तिलाच वरखाली करत बसतो. उजनीची टक्केवारी ही लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याची, उसाची, जनावरांची संख्या होती. मी तिला माझ्या शॉटच्या दर्जाची संख्या करून टाकलं. इच्छेने नुकसान होत नसेल, पण आपण कुणाला हिशोबातून वगळलं आहे ते इच्छेतून कळतं. छावणीत डबा पोचवणाऱ्या मुलाला ती टक्केवारी बरोबर वाचता आली असती. मधल्या बारा वर्षांत मी ती वाचायला विसरलो होतो.

आणि दुसरी गोष्ट आज्जीने सांगितलेली. देऊळ दगडाचं, ते राहिलं. आमची घरं मातीची होती.

हे वाक्य मी जितका विचार करतो तितकं मोठं होत जातं. आपल्याला वाटतं, पाणी सगळं जसंच्या तसं जपून ठेवतं. पण पाणी निवडतं. दगड ठेवतं, पांढरी माती विरघळवतं. लोखंड बराच काळ ठेवतं, लाकडी होडकं किड्यांना देतं. म्हणजे पाण्याखाली शेवटी उरतं ते ज्यांना दगडात बांधणं परवडलं त्यांचं, ज्यांच्याकडे लोखंडाची जहाजं होती त्यांचं. मच्छीमारांची किती होडकी या किनाऱ्यावर बुडाली असतील. त्यांच्यापर्यंत कुठलाही डायव्हर पोचणार नाही, कारण पोचायला काही उरलेलंच नाही. आपण पाण्याखालचं संग्रहालय बघायला जातो तेव्हा निम्मी निवड पाण्याने आधीच केलेली असते. उरलेली कॅमेरा करतो.

म्हणून बुडालेलं बघायचा हक्क कुणाला, या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं आहे. हक्क सगळ्यांना आहे. पण आत जाताना दोन गोष्टी विचाराव्यात. हे मला दिसावं म्हणून किंमत कुणी मोजली? आणि इथे असायला हवं होतं पण दिसत नाही, ते काय? गुलदारच्या बाबतीतही हे प्रश्न निरर्थक नाहीत. त्या भागात जाळी टाकणाऱ्यांना आधी विचारलं का, पर्यटनाच्या पैशातलं काठावरच्या घरांना काय मिळेल, आणि जहाजाच्या तोफांइतकीच त्यावर राबलेल्या खलाशांची, स्वयंपाक्यांची माहिती तिथे मिळेल का. जहाज नवं आहे, त्यावर काम केलेली माणसं हयात आहेत. पळसदेवच्या बाबतीत जे राहून गेलं ते तिथे करता येण्यासारखं आहे.

*

माझ्यापुरतं मी काय केलं? रील काढून टाकली नाही. काढली असती तर मला बरं वाटलं असतं, एवढाच उपयोग. कॅप्शन बदललं. आता तिथे उजनीची त्या दिवशीची पातळी लिहिली आहे आणि आमच्या गल्लीत त्या दिवशी टँकर किती वाजता आला ते. अर्थात जुन्या रीलचं कॅप्शन कोण वाचतं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आज्जीसमोर एक कोरा कागद ठेवला. म्हटलं, तुझं गाव काढू. आधी ती हसली. “मला कुटं लिव्हता येतंय?” मी म्हटलं, तू सांग, मी काढतो. धरण भरलेलं होतं, त्यामुळे सॅटेलाइट नकाशावर तिथे नुसती निळी जागा दिसत होती. तिच्या सांगण्यावरून आधी नदी काढली. मग घाट, मग चिंच, मग मारुती. मारुतीपासून तिचं घर सातवं. शेजारी सुतार, त्यापलीकडे एक घर ज्यातल्या म्हातारीला सगळे भ्यायचे. दोन दिवसांत एकतीस घरं झाली. प्रत्येक घरापाशी नाव, आणि नाव आठवत नसेल तिथे काहीतरी खूण, ‘शेळीवाले’, ‘पोरगं मिलट्रीत’. कुठलाही ड्रोन हे दाखवू शकला नसता. मला वाटायला लागलं, हे खरं संग्रहालय. मातीच्या घरांचं.

मग मी नदीच्या अंगाची, चिंचेपलीकडची जागा दाखवली. “इकडे काय होतं आज्जी?”

“तिकडं म्हारवाडा हुता.”

“घरं किती? कोण कोण?”

ती थांबली. बरंच आठवून बघितलं. “तिकडं आमाला जाऊ द्याचं न्हाईत रं,” ती म्हणाली. “कोन कोन ते म्या बगितलंच न्हाई.”

म्हणजे निवड पाणी यायच्या आधीच सुरू झालेली होती. ती वस्ती नदीला सगळ्यात जवळ, खालच्या अंगाला. पाणी चढलं तेव्हा पहिल्यांदा तिथेच शिरलं असणार. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांना जमिनीच्या बदल्यात काय मिळालं असेल, हे आज्जीला माहीत नाही आणि मलाही नाही.

कागदावर ती जागा मी कोरी ठेवली आहे, पेन्सिलीने कड आखून. आज्जीच्या भाच्याने सांगितलंय, त्या वस्तीतली काही घरं नव्या गावठाणाच्या पलीकडच्या टोकाला राहतात. एक म्हातारे गृहस्थ आहेत, ऐंशीच्या पुढचे, पण बोलतात चांगले. मी अजून गेलेलो नाही. दोनदा ठरवलं आणि दोन्हीदा शनिवारी रिलीज आली. खरं कारण तेवढंच नाही हेही मला कळतं. एकतीस घरांचा कागद घेऊन त्यांच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं, तुमची घरं कुठे होती सांगा, हे सोपं नाही. त्यांनी उलट विचारलं, की इतकी वर्षं कुठे होतात, तर? पळसदेवला मला कुणीच काही विचारलं नव्हतं. दगडासमोर उभं राहणं त्या मानाने सोपं होतं.

पुढच्या महिन्यात जाणार आहे. ड्रोन नेणार नाही. कागद आणि पेन्सिल नेणार आहे, आणि खोडरबर, कारण आज्जीने सांगितलेल्यातलंही काही पुसावं लागेल असं वाटतंय.